अठरा अंशांचे पाणी आणि सामूचे जनक सोरेनसेन

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला पांडेसरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्या तिथे दाटीने उभ्या आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून, जणू तापीच्या प्रवाहाबरोबरच खाली उतरलेली मराठी कुटुंबे या परिसरात आणि शेजारच्या उधना, लिंबायत भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. तिथल्या रंगशाळेत पॉलिएस्टरचे ग्रे कापड जेट मशीनमध्ये चढले, की रंगाच्या आधी पाण्याची परीक्षा होते. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालून पाणी आम्लधर्मी केले जाते, पट्टी बुडवून किंवा यंत्राचा दांडा बुडवून आकडा पाहिला जातो, आणि तो साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान आला म्हणजे मशीन बंद करून तापमान १३० अंश सेल्सियसपर्यंत चढवले जाते. या आकड्याला शाळेच्या पुस्तकात सामू म्हणतात, गिरणीत पीएच. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी, एवढे तिथे नवख्या कामगारालाही ठाऊक असते.

हा आकडा रंगशाळेत जन्मला नाही. तो कोपनहेगनमधील एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या प्रयोगशाळेत, १९०९ साली जन्मला. त्याचे जनक सोरेन पीटर लॉरिट्झ सोरेनसेन यांनी तो मांडताना पाण्याचे तापमानही सोबत लिहिले होते. पुढे आकडा जगभर गेला आणि तापमान मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहून गेले.

सोरेनसेन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमधील हाव्रेब्येर्ग या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या अठराव्या वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी दाखल झाले. त्या काळी तिथे एस. एम. योर्गनसेन हे धातूंच्या जटिल संयुगांचे मोठे अभ्यासक रसायनशास्त्र शिकवत असत. त्यांच्या प्रभावाने या तरुणाने वैद्यक सोडून रसायनाची वाट धरली. पुढील काही वर्षे योर्गनसेन यांच्याच हाताखाली तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आणि नौदलाच्या गोदीत सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. १८९९ मध्ये कोबाल्टच्या ऑक्झॅलेट संयुगांवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. इथवरचे आयुष्य एखाद्या चांगल्या, पण फारसा गाजावाजा न होणाऱ्या अकार्बनी रसायनज्ञाचे होते. ते तसेच राहिले असते, तर आज त्यांचे नाव योर्गनसेन यांच्या शिष्यांच्या यादीतच सापडले असते.

वळण आले ते एका मृत्यूमुळे. कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याचे मालक जे. सी. जेकबसेन यांनी १८७५ मध्ये कारखान्याला जोडून एक प्रयोगशाळा स्थापली होती. शास्त्रीय किंवा व्यावहारिक महत्त्वाचा कोणताही शोध तिथे गुप्त ठेवायचा नाही, असा दंडक त्यांनी घालून दिला होता. प्रतिस्पर्धी कारखान्यांनाही त्याचा लाभ व्हावा, हे त्यात गृहीतच होते. एका व्यापाऱ्याने घेतलेला हा निर्णय आजही चकित करतो. या प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख योहान केल्डाल होते. धान्यातील नायट्रोजन, आणि त्यावरून प्रथिने, मोजण्याची १८८३ सालची त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९०० च्या उन्हाळ्यात समुद्रस्नानाच्या वेळी त्यांचा अकस्मात मृत्यू झाला. त्यांच्या रिकाम्या जागेवर १९०१ मध्ये सोरेनसेन यांची नेमणूक झाली आणि पुढची ३७ वर्षे ते तिथेच राहिले.

बिअरच्या कारखान्यात रसायनाचा प्रश्न विकरांभोवती फिरतो. जवातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी, प्रथिने तोडणारी ही विकरे अतिशय लहरी असतात. द्रावण किंचित आम्लधर्मी असले तर जोमाने काम करतात, थोडे अधिक आम्ल पडले की मंदावतात. पण किंचित म्हणजे किती, याचे नेमके माप तेव्हा नव्हते. द्रावणात एकूण किती आम्ल मिसळले आहे, ते आम्लारी घालून मोजता येई. विकराला मात्र त्या साठ्याशी कर्तव्य नसते. प्रत्यक्ष मोकळे फिरणारे हायड्रोजन आयन किती, यावर त्याचे वागणे ठरते. तेवढेच आम्ल घातलेल्या दोन द्रावणांत, एकात प्रथिने असतील आणि दुसऱ्यात नसतील, तर मोकळ्या आयनांची संख्या फार वेगळी येते. सोरेनसेन यांच्या लक्षात हा फरक पक्का बसला आणि त्यांनी आपले सारे लक्ष मोकळ्या आयनांकडे वळवले.

त्याची पूर्वतयारी इतरांनी करून ठेवली होती. द्रावणात आयन सुटे फिरतात ही कल्पना स्वान्ते अऱ्हेनियस आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८० च्या दशकात रुजवली होती. शुद्ध पाणीही अत्यल्प प्रमाणात हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांत विभागलेले असते, हे जर्मनीत फ्रीडरिख कोलराऊश आणि आडोल्फ हाइडवायलर यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले. पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून त्यांनी त्याची विद्युतवाहकता मोजली. जितके शुद्ध करावे तितकी ती घटत गेली, पण शून्यावर कधीच आली नाही. उरलेली ती किंचित वाहकता पाण्याची स्वतःची होती, आणि तापमान वाढले की तीही झपाट्याने वाढत होती. या दुसऱ्या निष्कर्षाचे महत्त्व पुढे यायचे होते.

सोरेनसेन यांनी विकरांवरील आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून १९०९ मध्ये एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. तो डॅनिश, जर्मन आणि फ्रेंच या भाषांत निघाला. हायड्रोजन आयनांची संख्या लिहिताना दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते. शुद्ध पाण्यात एका लिटरमागे हे प्रमाण जवळपास एका मोलच्या कोटीव्या भागाइतके असते. कोटी म्हणजे एकावर सात शून्ये. ती सगळी शून्ये लिहिण्याऐवजी फक्त त्यांची संख्या, म्हणजे दहाचा ऋण घातांक, चिन्ह बदलून लिहावा, एवढीच सोय त्यांनी सुचवली. निबंधाच्या पानांत ती अगदी सहज येऊन जाते. त्या संज्ञेतील पी कशासाठी, याचा खुलासा त्यांनी केला नाही. घातांकासाठी डॅनिश, जर्मन आणि फ्रेंच या तिन्ही भाषांत पीने सुरू होणारे शब्द असल्यामुळे तो तर्क रूढ झाला. अलीकडच्या एका अभ्यासकाने मूळ निबंध चाळून असेही मांडले आहे, की तुलनेच्या दोन द्रावणांना त्यांनी पी आणि क्यू ही बीजगणितातली नावे दिली होती आणि त्यातले पहिले टिकून राहिले.

नावापेक्षा कामाचा पल्ला मोठा होता. प्लॅटिनमच्या पत्र्यावर हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडून तयार होणाऱ्या विद्युतघटातून त्यांनी आयनांचे प्रमाण काटेकोर मोजले. मग रंग बदलणारे सुमारे वीस दर्शक निवडून त्या मापाशी जुळवले, म्हणजे ज्याच्याकडे विद्युतयंत्र नाही त्यालाही रंगावरून आकडा कळावा. फॉस्फेट, सायट्रेट, बोरेट यांसारख्या क्षारांची, सामू टिकवून धरणारी बफर द्रावणे कशी करावीत हेही लिहून ठेवले. पांडेसरातली कागदी पट्टी त्या रंगपद्धतीची वंशज आहे आणि यंत्राचा दांडा विद्युतपद्धतीचा.

आता तापमानाकडे. सोरेनसेन यांचे प्रमाणभूत प्रयोग १८ अंश सेल्सियसवर झाले. युरोपातील प्रयोगशाळांत त्या काळी हेच नेहमीचे तापमान मानले जाई. त्या तापमानाला पाण्यातील हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल या दोन आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार त्यांनी काढला, तेव्हा त्याचा ऋण घातांक १४.१४ आला. उदासीन पाण्यात दोन्ही आयन सारखेच असतात, म्हणून घातांकाचा निम्मा, ७.०७, हा त्यांच्या लेखी उदासीनतेचा आकडा होता. नेमका सात हा आकडा मूळ निबंधातल्या उदासीन पाण्याचा नव्हता, हे कळल्यावर शाळेत शिकलेल्या कोणाही वाचकाला थोडे थबकायला होते.

पुढे प्रयोगशाळांनी २५ अंश हे प्रमाण तापमान स्वीकारले आणि तिथे हा आकडा ७.०० वर येतो. हा योगायोग सोयीचा ठरला, आणि फसवाही. पाण्याचा रेणू फुटून दोन आयन होण्यासाठी उष्णता लागते, म्हणून पाणी तापवले की अधिक रेणू फुटतात. शून्य अंशाच्या पाण्यात उदासीनतेचा आकडा सुमारे ७.४७ असतो. आपल्या शरीराच्या ३७ अंशांवर तो ६.८१, साठ अंशांवर सुमारे ६.५ आणि उकळत्या पाण्यात ६.१ च्या आसपास येतो. साठ अंशांच्या शुद्ध पाण्यात २५ अंशांच्या पाण्यापेक्षा हायड्रोजन आयन तिपटीहून अधिक आणि शंभर अंशांवर सातपटीहून अधिक असतात. तरीही ते पाणी आम्ल झालेले नसते, कारण हायड्रॉक्सिल आयनही बरोबर तेवढेच वाढलेले असतात. दोन्ही पारडी सारखीच जड होतात आणि तराजू समतोलच राहतो. बदलतो तो समतोलाच्या खुणेला दिलेला आकडा. सहा सामूचे उकळते पाणी आणि सहा सामूचे गार पाणी यांचा आकडा एक आहे. पण पहिले जवळपास उदासीन आणि दुसरे उघडपणे आम्ल.

हे सत्य सोरेनसेन यांच्या भोवतीच्या लोकांनी लवकर ओळखले. कोपनहेगनमध्येच काम करणारे कार्ल हासेलबाल्ख रक्ताचा सामू मोजू लागले, तेव्हा त्यांनी शरीराच्या तापमानाकडे लक्ष दिले. माणसाचे रक्त सुमारे ७.४ सामूचे असते आणि सातशी तुलना करून ते आम्लारीकडे ०.४ ने झुकलेले आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण रक्त ३७ अंशांवर वाहते आणि तिथली उदासीनता ६.८ वर आहे, त्यामुळे खरा कल ०.६ चा ठरतो.

समुद्राबाबतही तेच घडले. १९१० मध्ये सोरेनसेन आणि त्यांचे सहकारी स्वेन पालिच यांनी सागरी पाण्याचा सामू मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. थोर या डॅनिश संशोधन-जहाजावरून पालिच यांनी ती प्रत्यक्ष समुद्रात वापरली. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे दर्शकाचा रंग किती चुकतो, याचाही हिशेब त्यांनी ठेवला होता. खोल समुद्रातून वर आणलेले गार पाणी जहाजाच्या डेकवर तापले, की त्याचा सामू अंशामागे सुमारे ०.०१५ ने उतरतो. म्हणून समुद्रविज्ञानात सामूच्या आकड्याला तापमानाची जोड दिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. दोनापावलासारख्या ठिकाणी, जिथे समुद्राचा अभ्यास हेच काम आहे, तिथे ही शिस्त नवी नाही.

गिरण्या-कारखान्यांत ती तितकी रुळली नाही, याला यंत्रांचाही हातभार आहे. काचेच्या इलेक्ट्रोडचे शास्त्र फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सीविच यांनी १९०९ मध्येच मांडले होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी सुटसुटीत सामूमापक बनवला आणि हे माप कोणाच्याही हाती आले. अशा यंत्रात आज तापमान-दुरुस्तीची सोय असते आणि ती चालू असली की काम झाले, असा समज होतो. ती दुरुस्ती इलेक्ट्रोडची असते. सामूच्या एका अंकाला इलेक्ट्रोड २५ अंशांवर सुमारे ५९ मिलिव्होल्ट आणि ६० अंशांवर सुमारे ६६ मिलिव्होल्ट देतो. तो फरक यंत्र सावरून घेते. पाण्याचे स्वतःचे विघटन वाढलेले असते, ते यंत्र सावरत नाही आणि सावरूही शकत नाही. गरम पाण्याचा जो आकडा ते दाखवते, तो गरम पाण्याचाच असतो.

पांडेसराच्या रंगशाळेत याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. १३० अंशांवर, बंद मशीनच्या दाबाखाली, पाण्याची उदासीनता सहाच्याही किंचित खाली सरकलेली असते. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने पाचावर आणलेले पाणी गार असताना उदासीनतेपासून दोन अंक दूर होते, ते तिथे जेमतेम एकच अंक दूर उरते. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा स्वतःचा आकडा तापमानाने फारसा हलत नाही, त्यामुळे रंगाचे हे पाणी निभावून जाते. खरी गफलत होते ती कॉस्टिकच्या पाण्यात. रंगवल्यावर कापडावर सैल राहिलेला रंग धुण्यासाठी कॉस्टिक आणि हायड्रोचे गरम पाणी वापरतात. कापड मऊ करण्यासाठी त्याचे वजन घटवतात, तिथेही कॉस्टिकच लागते. एका लिटरमध्ये ०.४ ग्रॅम कॉस्टिक असलेले पाणी २५ अंशांवर सामू १२ दाखवते. तेच पाणी, एक कणही न बदलता, ६० अंशांवर ११ दाखवते. हा घसरलेला अंक पाहून कोणी कॉस्टिक वाढवले, तर ते जास्तीचे कॉस्टिक पॉलिएस्टरचा धागा खाते आणि उरलेले गटारात जाते.

गटारातल्या पाण्याला कायद्याची मर्यादा आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार बाहेर सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९.० च्या दरम्यान असावा लागतो. गिरणीतून निघणारे पाणी वाफाळते असते. त्यात इतर क्षार फारसे नसतील, आणि आम्लारीपणा मोकळ्या कॉस्टिकचा असेल, तर गरम असताना नवाच्या आत दिसणारा आकडा गार झाल्यावर नवाच्या पलीकडे जाऊ शकतो. प्रत्यक्ष सांडपाण्यात कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि रंगाची रसायने मिसळलेली असतात. त्यांच्यामुळे फरक कमीअधिक होतो, आणि बायकार्बोनेटचे पाणी उकळले तर कार्बन डायऑक्साइड उडून सामू उलट वरही चढतो. म्हणून कुठल्याही एका सूत्राने गरम आकड्याचा गार आकडा काढता येत नाही. नमुना ठरलेल्या तापमानापर्यंत निववून मोजावा लागतो आणि नोंदवहीत सामूच्या शेजारी तापमानाचा रकाना भरावा लागतो. तो रकाना कोरा राहिला, तर खाडीच्या काठी राहणाऱ्यांनी कोणत्या पाण्याची तक्रार करायची आणि गिरणीने कोणत्या पाण्याचा जबाब द्यायचा, हे दोन्ही संदिग्ध राहते.

सोरेनसेन स्वतः आपल्या मापाबद्दल कधी निर्धास्त नव्हते. १९०९ नंतर त्यांनी आपला बराच काळ प्रथिनांना दिला. कोंबडीच्या अंड्यातील अल्ब्युमिन स्फटिकरूपात शुद्ध करून त्याचा परासरण दाब मोजला आणि त्यावरून रेणूच्या वजनाचा अंदाज बांधला. प्रथिने म्हणजे ठराविक संघटनेचे पदार्थ आहेत की नुसते चिकट मिश्रण, यावर तेव्हा वाद चालू होता आणि या कामाने पहिल्या बाजूला बळ मिळाले. त्यांच्या पत्नी मार्गरेथे होयरुप सोरेनसेन या संशोधनात त्यांच्या सहकारी होत्या. दरम्यान द्रावणांचे शास्त्र पुढे गेले. द्रावणात किती आयन आहेत यापेक्षा ते परिणामकारकपणे किती सक्रिय आहेत, हेच हायड्रोजनचा इलेक्ट्रोड दाखवतो, असे स्पष्ट झाले. तेव्हा १९२४ मध्ये, काय लिंडरस्ट्रॉम-लांग या तरुण सहकाऱ्यासह, सोरेनसेन यांनी पंधरा वर्षांपूर्वीची आपलीच व्याख्या बदलण्याचा प्रस्ताव मांडला. जगाने एव्हाना जुनी व्याख्या डोक्यावर घेतली होती. तिला धक्का लावण्याची त्यांना काही गरज नव्हती. तरीही त्यांनी तो लावला, आणि आजची अधिकृत व्याख्या सक्रियतेवरच उभी आहे.

नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, ते त्यांना मिळाले नाही. १९३८ मध्ये ते कार्ल्सबर्गमधून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी लिंडरस्ट्रॉम-लांग आले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, सोरेनसेन यांचे निधन झाले. तोवर बेकमन यांची यंत्रे अमेरिकेच्या बाजारात खपू लागली होती, आणि शाळांच्या पुस्तकांतून उदासीन पाण्याचा सामू सात, एवढेच वाक्य छापले जाऊ लागले होते. त्यांच्या निबंधातले १८ अंश त्या वाक्यातून गळून पडले होते.